एका अक्षरावर संगणक अडतो

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

ॲपलची मॅकओएस ही प्रणाली स्वतः जुळवलेल्या डेस्कटॉपवर चालवणे, म्हणजे हॅकिंटॉश बांधणे, हा विषय तंत्रज्ञानाच्या सदरांत अधूनमधून येतो. बहुतेक वेळा ‘इंटेलचा दहाव्या पिढीचा प्रोसेसर आणि एएमडीचे कार्ड घ्या’ एवढ्यावर सामानाची यादी आटोपते आणि उरलेली सगळी जागा पेनड्राइव्ह कसा बनवायचा यात जाते. खरे तर उलटे हवे. पेनड्राइव्ह बिघडला तर तासाभरात नवा होतो; कार्ड चुकीचे निघाले तर ते बदलण्यावाचून इलाज नसतो. म्हणून विनंती अशी, की या विषयावर छापताना प्रत्येक भागाचे नाव पूर्ण क्रमांकानिशी, शेवटच्या अक्षरासकट छापावे. त्या एका अक्षराने किती फरक पडतो ते पुढे मांडतो.

मॅकओएसमध्ये ड्रायव्हर असतात ते ॲपलने कधी ना कधी आपल्या मॅकमध्ये बसवलेल्या भागांचेच. विंडोजसारखे कार्डाबरोबर आलेले सॉफ्टवेअर टाकून काम भागत नाही. त्यामुळे आपला संगणक कोणत्या मॅकच्या जवळ जाणार हे आधी ठरवायचे आणि मग खरेदीला निघायचे. आजच्या घडीला सर्वांत सोयीचा नमुना म्हणजे २०२० चा २७ इंची आयमॅक. त्यात दहाव्या पिढीचे, कॉमेट लेक घराण्याचे प्रोसेसर होते. एलजीए १२०० सॉकेटचा झेड४९० किंवा बी४६० मदरबोर्ड आणि कोअर आय५-१०४०० घेतला की आपण त्या आयमॅकच्या अगदी शेजारी येऊन बसतो. सहा कोअर, बारा थ्रेड आणि आत यूएचडी ६३० ग्राफिक्स.

आता तेच नाव १०४००एफ असे वाचा. ‘एफ’ म्हणजे आतले ग्राफिक्स बंद. संगणक चालेल, पण खऱ्या आयमॅकमध्ये व्हिडिओ उलगडण्याचे काम हे आतले ग्राफिक्स करते. आपला संगणक कोणता मॅक आहे असे मॅकओएसला सांगावे लागते; आतले ग्राफिक्स नसेल तर ही ओळख आयमॅकऐवजी आयमॅकप्रो१,१ किंवा मॅकप्रो७,१ अशी द्यावी लागते आणि सगळा भार बाहेरच्या कार्डावर जातो. अकराव्या पिढीचा प्रोसेसर त्याच सॉकेटमध्ये बसतो, म्हणून अनेकांना तो ‘थोडा नवा, म्हणून बरा’ वाटतो. पण त्याचे आतले ग्राफिक्स वेगळ्या घराण्याचे आहे आणि मॅकओएसकडे त्याचा ड्रायव्हर नाही. अकराव्या पिढीपासून पुढे तर प्रोसेसरची ओळखच बदलून तो कॉमेट लेक असल्याचे भासवावे लागते. रायझनवरही मॅकओएस चालते, मात्र कर्नलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, पॅच (दुरुस्ती) लावून आणि त्या पॅचमध्ये कोअरची संख्या अचूक भरून. शिवाय तिथे आभासी यंत्रणेचा (एका संगणकात दुसरा चालवण्याचा) आधार मिळत नाही, त्यामुळे डॉकरसारखी साधने वापरणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

ग्राफिक्स कार्डात सर्वाधिक माणसे फसतात, म्हणून इथे जरा थांबतो. एनव्हिडियाचे कोणतेही आरटीएक्स कार्ड मॅकओएसमध्ये कधीच चालले नाही. जीटीएक्स १०६० च्या पिढीला वेगळा ड्रायव्हर मिळत होता, तो मॅकओएसच्या हाय सिएरा या आवृत्तीपर्यंतच. त्याआधीच्या केप्लर घराण्याचा आधार माँटेरी या नंतरच्या आवृत्तीत काढून टाकला. राहिले एएमडी. आरएक्स ५७० आणि ५८० चालतात. आरएक्स ५५० मात्र एकाच नावाने दोन वेगळ्या चिपांवर निघाले. त्यातली लेक्सा चिप सरळ चालत नाही आणि खोक्यावर चिपचे नाव नसते. आरएक्स ५५०० एक्सटी, ५६०० एक्सटी आणि ५७०० चालतात. पुढच्या पिढीत आरएक्स ६६००, ६६०० एक्सटी, ६८००, ६८०० एक्सटी आणि ६९०० एक्सटी चालतात. या यादीत ६७०० एक्सटी नाही, आणि ते छापताना राहिलेले नाही. ६६०० ची चिप नवी २३ आणि ६८०० ची नवी २१. या दोन्ही चिपा ॲपलने मॅक प्रोच्या कार्डांत वापरल्या. ६७०० एक्सटीची नवी २२ कोणत्याच मॅकमध्ये आली नाही, म्हणून तिचा ड्रायव्हर लिहिलाच गेला नाही. नूटआरएक्स नावाचे बाहेरचे केक्स्ट (मॅकओएसमध्ये घालायची ड्रायव्हरसारखी फाइल) ती उणीव भरून काढते, पण हातात कार्ड आधीपासून असेल तरच त्या खटपटीत पडावे. ६४००, ६५०० एक्सटी आणि संपूर्ण ७००० मालिका बाद. सगळा हिशेब पाहता आरएक्स ६६०० हे नव्याने घेणाऱ्यासाठी सर्वांत शहाणपणाचे कार्ड आहे: १३२ वॅट लागतात, ५५० वॅटचा चांगला पॉवर सप्लाय पुरून उरतो.

एसएसडीचेही असेच. सॅमसंगचा पीएम९८१ हा तयार संगणकांतून काढलेला एनव्हीएमई एसएसडी बऱ्याचदा हाती येतो. त्यावर मॅकओएस मध्येच कोसळते. ९७० ईव्हीओ प्लसचे जुने फर्मवेअर असेल तर ते आधी विंडोजमधून अद्ययावत करून घ्यावे. सॅमसंगच्या बऱ्याच एसएसडींवर माँटेरीपासून ट्रिमचे (रिकाम्या जागेच्या साफसफाईचे) काम सुरुवातीलाच रेंगाळते आणि चालू व्हायला उगाच वेळ लागतो. वेस्टर्न डिजिटलच्या एसएन७५० सारख्या एसएसडीवर ही तक्रार येत नाही. साधी हार्ड डिस्क प्रणालीसाठी वापरू नये, एपीएफएस ही फाइलप्रणाली तिच्यावर फार संथ होते.

नेटवर्कसाठी रिअलटेक आरटीएल८१११ किंवा इंटेलची आय२१९-व्ही चिप असलेला मदरबोर्ड बघावा. झेड४९० च्या बऱ्याच मदरबोर्डांवर आय२२५-व्ही आहे आणि ती प्रत्येक मोठ्या आवृत्तीत नवा त्रास देते. वायफायसाठी एकेकाळी ब्रॉडकॉमचे बीसीएम९४३६० कार्ड हमखास सुचवले जाई. सोनोमात त्याचा ड्रायव्हर काढून टाकला. आता ते चालवायला प्रणालीच्या मुळात पॅच लावावा लागतो आणि सुरक्षा सैल करावी लागते. इंटेलची वायफाय कार्डे आयटीएलडब्ल्यूएम या केक्स्टने इंटरनेटपुरती नीट चालतात, एअरड्रॉपची आशा मात्र धरू नये. केबल जोडता येत असेल तर केबलच जोडावी.

भाग जमले की पहिले काम बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये. फास्ट बूट, सिक्युअर बूट, सीएसएम, सिरियल पोर्ट आणि सीएफजी लॉक बंद. व्हीटी-डी बंद करावे, किंवा ओपनकोअरमध्ये (मॅकओएस सुरू करून देणारा बूटलोडर, त्याविषयी पुढे) डिसेबलआयओमॅपर सुरू करावे. अबव्ह ४जी डीकोडिंग, हायपर-थ्रेडिंग आणि एक्सएचसीआय हँड-ऑफ सुरू. साटा एएचसीआयवर. आतल्या ग्राफिक्सची राखीव मेमरी ६४ एमबी. सीएफजी लॉकचा पर्याय काही मदरबोर्डांवर दिसतच नाही. तिथे ॲपलएक्ससीपीएमसीएफजीलॉक हे ओपनकोअरचे सेटिंग सुरू केले नाही तर कर्नल त्या रजिस्टरमध्ये लिहायला जातो आणि तिथेच कोसळतो.

आता मूळ मुद्दा. मदरबोर्ड आणि मॅकओएस यांच्या मधला दुवा म्हणजे ओपनकोअर हा बूटलोडर. २०१९ पासून तो आहे आणि त्याने जुन्या क्लोव्हरची जागा घेतली. त्याचे सारे सामान ईएफआय नावाच्या एका फोल्डरमध्ये राहते. दुसऱ्याने बनवलेला हा फोल्डर उतरवून घ्यायचा आणि चालू करायचा, हा सल्ला सर्रास दिला जातो. तो देऊ नये, अशी कळकळीची विनंती आहे. सेटअपव्हर्च्युअलमॅप नावाचे एक सेटिंग नवव्या पिढीच्या संगणकावर सुरू ठेवावे लागते आणि दहाव्या पिढीवर बंद. एवढ्या फरकाने संगणक पहिल्याच ओळींत गोठतो, आणि फोल्डर आपण बनवलेला नसेल तर कुठे पाहायचे तेही कळत नाही. त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्याचा अनुक्रमांक त्याच फोल्डरबरोबर आपल्याकडे येतो.

स्वतः बनवायला एक दुपार पुरते. ओपनकोअरची डीबग आवृत्ती घ्यावी, कारण तीच अडचणीची नोंद पेनड्राइव्हवर लिहून ठेवते. ड्रायव्हर्समध्ये दोनच गोष्टी हव्यात: ओपनरनटाइम आणि एचएफएसप्लस. केक्स्टमध्ये लिलू, व्हर्च्युअलएसएमसी, व्हॉटेव्हरग्रीन, ॲपलएएलसी आणि आपल्या नेटवर्क चिपचे एक. लिलू यादीत सर्वांत वर, कारण बाकीची बरीच त्याच्या आधाराने उभी राहतात. एसीपीआयमध्ये, म्हणजे मदरबोर्डाचे वर्णन दुरुस्त करणाऱ्या फाइलींच्या जागी, ४०० मालिकेच्या मदरबोर्डासाठी प्लग, ईसी-यूएसबीएक्स आणि एडब्ल्यूएसी या तीन फाइल. आसुसच्या मदरबोर्डासाठी आरएचयूबी ही चौथी. ३०० मालिकेतल्या बी३६०, झेड३९० सारख्या मदरबोर्डांना पीएमसी लागते, नाहीतर एनव्हीरॅममध्ये (संगणक बंद असतानाही सेटिंग जपणाऱ्या मेमरीत) काही टिकत नाही. फाइल नुसती फोल्डरमध्ये टाकून भागत नाही, कॉन्फिग फाइलमध्येही तिची नोंद लागते. प्रॉपरट्री या साधनातला क्लीन स्नॅपशॉट ते काम एका फटक्यात करतो. कॉन्फिग मात्र सोबत आलेल्या नमुना फाइलपासूनच बनवावी. आयते कॉन्फिगरेटर टाळावेत. ते मागे पडतात आणि नव्या आवृत्तीतल्या नोंदी गुपचूप गाळून टाकतात. शेवटी कॉन्फिगमधल्या चुका दाखवणारे ओसीव्हॅलिडेट चालवावे.

कॉन्फिगमध्ये लक्ष घालायच्या जागा थोड्याच. आय५-१०४०० साठी ओळख आयमॅक२०,१. स्क्रीन आतल्या ग्राफिक्सवर असेल तर प्लॅटफॉर्म आयडी ०७००९बी३ई. बाहेरचे कार्ड असेल आणि आतले फक्त मदतीला ठेवायचे असेल तर ०३००सी८९बी. व्हॉल्ट ऑप्शनलवर, स्कॅनपॉलिसी शून्यावर, सिक्युअरबूटमॉडेल जुळणी पूर्ण होईपर्यंत डिसेबल्ड. अनुक्रमांक जेनएसएमबायोस या साधनाने बनवून ॲपलच्या वॉरंटी तपासणीच्या पानावर टाकून पाहावा. तो कुणाच्या तरी खऱ्या मॅकचा निघाला तर सोडून द्यावा आणि दुसरा बनवावा. नेटवर्क कार्ड ‘बिल्ट-इन’ म्हणून आणि ईएन० या नावाने दिसत नाही तोवर ॲपलच्या खात्यात शिरू नये.

यूएसबीचा भाग सगळे शेवटी ठेवतात. तो आधी करावा. एल कॅपिटनपासून मॅकओएस एका कंट्रोलरवर १५ पोर्टच मानते. निळ्या रंगाचा एक यूएसबी ३ पोर्ट दोन मोजला जातो, एक जुन्या वेगासाठी आणि एक नव्या; आत जोडलेले ब्लूटूथही एक जागा खाते. झेड४९० वर ही बेरीज सहज वीसच्या पुढे जाते. मर्यादा उठवणारे सेटिंग पूर्वी चालत असे, पण बिग सर ११.३ पासून ते कामाचे नाही. पोर्टांचा नकाशा बनवणारे यूएसबीटूलबॉक्स हे साधन विंडोजमध्येच चालते: प्रत्येक पोर्टात आधी जुना, मग नवा पेनड्राइव्ह घालून पाहायचे, नको ते वगळून पंधरा ठेवायचे, प्रकार नीट भरायचा (यूएसबी २ साठी ०, यूएसबी ३ साठी ३, आतल्या जोडणीसाठी २५५) आणि तयार झालेले केक्स्ट फोल्डरमध्ये टाकायचे. झोपवलेला संगणक लगेच जागा होणे, ब्लूटूथ मधूनच नाहीसे होणे, बाहेरची डिस्क कासवगतीने चालणे, या तक्रारींचे मूळ फार वेळा इथेच सापडते. ब्लूटूथ २५५ ऐवजी ० म्हणून नोंदले गेले एवढ्यानेही झोप मोडते.

इन्स्टॉल करण्याबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. १६ जीबीचा पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये. मॅकरिकव्हरी स्क्रिप्टने उतरवलेल्या दोन फाइल आणि ईएफआय फोल्डर त्यावर. विंडोजची डिस्क काढून ठेवावी. डिस्क युटिलिटीमध्ये ‘शो ऑल डिव्हाइसेस’ निवडून सर्वांत वरची, म्हणजे अख्खी डिस्क एपीएफएस आणि जीयूआयडी पद्धतीने पुसावी. फक्त आतला भाग पुसला तर पुढे इन्स्टॉलर नकार देतो. बाकीची १२ जीबीहून अधिक सामग्री इंटरनेटवरून येते, संगणक तीनचार वेळा पुन्हा सुरू होतो. दर वेळी ‘मॅकओएस इन्स्टॉलर’ हाच पर्याय घ्यायचा. नवखे लोक पुन्हा रिकव्हरीत शिरतात आणि सगळे पहिल्यापासून सुरू होते.

अडले तर अंदाज बांधत बसू नये. बूटच्या ओळीत -व्ही लिहिलेले असले की पडद्यावर मजकूर धावतो आणि थांबलेली शेवटची ओळ बरेच काही सांगते. ‘एक्झिटबीएस:स्टार्ट’ वर थांबले तर बूटर विभागातली मेमरीसंबंधी सेटिंग चुकलेली आहेत, वरचे सेटअपव्हर्च्युअलमॅप त्यातलेच. ‘पीसीआय कॉन्फिगरेशन बिगिन’ वर थांबले तर अबव्ह ४जी डीकोडिंग पाहावे. मदरबोर्डात तो पर्यायच नसेल तर एनपीसीआय=०एक्स३००० लिहावे; दोन्ही एकदम नको. ‘वेटिंग फॉर रूट डिव्हाइस’ किंवा आडव्या रेघेचे वर्तुळ म्हणजे पेनड्राइव्ह दिसेनासा झाला: यूएसबीचा नकाशा तपासावा, पेनड्राइव्ह यूएसबी २ पोर्टात घालावा. मजकूर पूर्ण धावला आणि मग काळा पडदा आला, तर ५००० किंवा ६००० मालिकेच्या कार्डासाठी एजीडीपीमॉड=पिकेरा राहिले आहे, किंवा मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डाला लावली आहे. ‘इनकम्पॅटिबल ओपनरनटाइम’ म्हणजे एकच फाइल नव्या आवृत्तीची, बाकी जुन्या. यादीत डिस्कच दिसत नाही तर एचएफएसप्लस राहिले. बदल करताना एका वेळी एकच करावा आणि दर वेळी एनव्हीरॅम रीसेट करून पाहावे.

काम झाले की पेनड्राइव्हवरचा ईएफआय फोल्डर डिस्कच्या २०० एमबीच्या ईएफआय विभागात उतरवावा. पेनड्राइव्ह मात्र पुसू नये, तोच पुढे सुटकेचा दोर. कुठलाही अपडेट घेण्याआधी ओपनकोअर आणि केक्स्ट नवे करावेत, ते पेनड्राइव्हवरून चालवून पाहावेत, मग मॅकओएसला हात लावावा. आयमॅक२०,१ मध्ये टी२ ही ॲपलची सुरक्षा चिप असल्याने अपडेट दिसतच नाहीत असेही होते; रिस्ट्रिक्टइव्हेंट्स हे केक्स्ट आणि आरईव्हीपॅच=एसबीव्हीएमएम ही बूटची नोंद त्यावर चालते. विंडोजही ठेवले असेल तर घड्याळ पुढेमागे होते, कारण मॅकओएस मदरबोर्डावरची वेळ जागतिक वेळ मानते आणि विंडोज स्थानिक. विंडोजच्या रजिस्ट्रीत रिअलटाइमइजयुनिव्हर्सल ही नोंद १ केली की दोघांचे जुळते.

परवान्याचा प्रश्न झाकून ठेवू नये. मॅकओएसचा परवाना ॲपलच्या नाममुद्रेच्या संगणकापुरताच आहे. सायस्टार या कंपनीने असे संगणक बनवून विकले. ॲपलने २००८ मध्ये खटला भरला आणि २००९ मध्ये निकाल ॲपलच्या बाजूने लागला. त्यामुळे असा संगणक बांधून विकणे किंवा कार्यालयाच्या कामाला लावणे चुकीचेच. घरी शिकण्यासाठी करणाऱ्यानेही परवाना मोडतो आहोत हे ठाऊक असताना करावे.

आणि हेही छापावे, की या वाटेला आता शेवट आहे. ॲपलने २०२० मध्ये स्वतःच्या चिपांकडे वळण्याची घोषणा केली आणि २०२५ ची टाहो ही इंटेलवर चालणारी शेवटची मॅकओएस ठरली. टाहोतून आवाजाचा जुना ॲपलएचडीए ड्रायव्हरही गेला, म्हणजे ॲपलएएलसीला टेकायला जागा उरली नाही. मदरबोर्डावरचा आवाज हवा तर पुन्हा मुळात पॅच, किंवा सरळ यूएसबीचे साउंड कार्ड. आज नव्याने जुळवणाऱ्याने २०२४ ची सिकोया टाकावी, तिच्यावर हा सगळा खटाटोप नीट बसतो. वर सुचवलेला प्रोसेसर, आरएक्स ६६०० कार्ड आणि आय२१९-व्ही किंवा रिअलटेक नेटवर्क हे तिन्ही लिनक्सच्या कर्नलमध्ये आधीपासून आहेत, त्यामुळे सिकोयाचे सुरक्षा अपडेट थांबले त्या दिवशी हाच संगणक एकही भाग न बदलता लिनक्सवर नेता येतो. ६७०० एक्सटी आधीच घेतलेल्यांनी तर आजच लिनक्स टाकावे, तिथे ते कार्ड कुठल्याही केक्स्टशिवाय पूर्ण ताकदीने चालते.

कळावे,
आपला,
एक वाचक